सुतळीच्या टोकाला बांधलेला बाण

आडवा ठोकलाय म्हणून मला ऐरागैरा समजू नका, मित्रांनो. मी एक जुना पत्र्याचा बाण आहे. माझा पिवळा रंग पोपडे धरून उडालाय, शेपटाशी गंज चढलाय, आणि पोटावर कोणीतरी काळ्या रंगात 'दाढी-कटिंग आत' असं लिहून ठेवलंय. लोक माझ्याकडे ओझरतं बघतात आणि मुकाट बोळात वळतात. पण एके काळी सगळी गल्ली मान वर करून माझ्याकडे बघायची. मी वर असलो की लोक दोन घास जास्त जेवायचे आणि खाली असलो की बायकोवर डाफरायचे.

माझा जन्म तेलाच्या डब्यातून झाला. गल्लीच्या कोपऱ्यावर एक पत्रेवाला बसायचा. त्याच्याकडे एक दिवस शेअरदलाल आले. त्यांचं ऑफिस गल्लीतच, पहिल्या मजल्यावर होतं. लहान-थोर सगळे त्यांना काका म्हणत. काका मनाने चांगले, पण चिक्कू. नवा पत्रा परवडत नाही म्हणून त्यांनी रिकामा डबाच बरोबर आणला होता.

"बाण कापून दे," काका म्हणाले. "टोक जड ठेव. सोडला की आपोआप खाली आला पाहिजे."

"आणि वर कसा जाणार?"

"सुतळीने. वर कप्पी लावू. सुतळी खिडकीतून आत. ओढली की टोक वर, सोडली की खाली. बाजार वर असला की बाण वर, बाजार पडला की बाण खाली. दिवसभर लोक जिना चढून 'बाजार कसा आहे' विचारतात, डोकं उठवलंय माझं!"

पत्रेवाल्याने कात्री चालवता चालवता विचारलं, "पण काका, बाजारात कंपन्या हजारो. कुठली वर, कुठली खाली. हा एकटा बाण कोणाचं सांगणार?"

काका खूश झाले. असं विचारलं की त्यांना कंठ फुटायचा. "तो निर्देशांक सांगणार. म्हणजे असं बघ, देशातल्या चाळीस मोठ्या कंपन्या निवडायच्या. चाळीस गडी एकाच दोराला धरून उभे आहेत असं समज. कोणी पुढे ओढतो, कोणी मागे. ज्याचं अंग मोठं, त्याची ओढ मोठी. तीन-चार पैलवान आहेत, मोठ्या बँका, तेलकंपनी. बाकीचे काडी पैलवान. काल संध्याकाळी दोर जिथे होता तिथे रेघ मारायची. आज दोर रेघेच्या पुढे सरकला की निर्देशांक वर. मागे आला की खाली."

"आणि त्या ओढाओढीत कोणी तोंडावर आपटला तर?"

"ते निर्देशांकाला विचारू नये. तो दोर कुठे सरकला तेवढंच सांगतो. कोणाचा हात सोलवटला ते सांगत नाही."

मी तेव्हा अर्धाच कापलेला होतो, तरी हे वाक्य मी पक्कं ध्यानात ठेवलं. गल्लीतल्या लोकांनीही ते ऐकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं!

मला पिवळाधमक रंग दिला आणि खिडकीशेजारी भिंतीवर एका बोल्टवर बसवलं. नाकाला भोक पाडून सुतळी बांधली. पहिले काही महिने माझा थाट काय वर्णावा! काकांनी सुतळी ओढली की खाली शिट्ट्या वाजत. समोरचा सायकलवाला तर मला हात जोडायचा. खाली आलो की हाच माणूस माझ्याकडे बघून पचकन थुंकायचा. सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं. मग माणसांची जात कळली आणि मी मनावर घेणं सोडलं. एक गोष्ट मात्र सांगतो. पडणं माझ्या अंगातच होतं. वर राहायला कोणीतरी ओढून धरावं लागे.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतोय, त्यांच्याकडे येतो. माझ्या समोरच, रस्त्यापलीकडे, एक केशकर्तनालय होतं. पुढच्या भागात भाऊ दाढी-कटिंग करायचा, मागच्या भागात त्याची थोरली बहीण शिवणयंत्र चालवायची. तिला सगळे ताई म्हणत. भावाचं खरं नाव कोणाच्याच लक्षात नव्हतं. गिऱ्हाइकाने घाई केली की तो म्हणायचा, "सावकाश, सावकाश," म्हणून त्याचं नावच सावकाश पडलं. त्याची एक दाढी होईपर्यंत दुसरी वाढते, असं सायकलवाला म्हणायचा.

ताईचे यजमान बसगाड्या बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. ते अचानक गेले आणि ताई भावाकडे आली. सावकाशचा त्या दाजींवर भारी जीव होता. गाठीशी होतं नव्हतं ते सगळं त्याने त्या एकाच बसकंपनीच्या शेअरमध्ये घातलं. काका म्हणाले होते, "अरे, सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नकोस." तर हा म्हणाला, "दाजींनी अख्खं आयुष्य घातलंय तिथे. ती काय दगा देणार?" बसकंपनी त्या चाळिसांत होती, हे कळल्यावर तर बघायलाच नको. त्याने मनाशी हिशेब बसवला, की बाण वर म्हणजे दाजी वर. रोज सकाळी वस्तरा परजताना तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "दाजी मजेत आहेत." असला हिशेब जगात दुसरा कोणी केला असेल असं मला वाटत नाही. मला ते ऐकून बरंही वाटायचं आणि काळजीही.

आणि मग घरमालकाने दुकान विकायला काढलं. भाडेकरूला पहिला मान म्हणून त्याने सावकाशला विचारलं. मुदत दिली, आणि ती संपायच्या दिवशी सकाळीच दुकानात येऊन उभा राहिला. "आज संध्याकाळी शटर ओढायच्या आत हो की नाही ते सांग. उद्या सकाळी चपलांचा दुकानदार यायचाय. त्याला पूर्ण जागा हवी आहे."

"सांगतो की," सावकाश म्हणाला. "आज शेअर विकतो, संध्याकाळी तुमच्या हातात विकल्याची चिठ्ठी."

म्हणजे बघा, मित्रांनो. शेअर चांगल्या भावाने गेले तर दुकान भावा-बहिणीचं, नाहीतर यंत्र आणि खुर्ची उचलून दोघं रस्त्यावर. गावात दुसरी जागा त्यांना परवडणारी नव्हती. ताईने सकाळपासून एका झबल्याची बाही दोनदा उलटी जोडली, आणि तिचा हात किती साफ होता ते मला माहीत आहे.

बाजार उघडला आणि सुतळी करकरत ताणली गेली. मी वर! चांगलाच वर. गल्लीत शिट्टी वाजली.

"बघितलंस?" सावकाश आत ओरडला. "दाजी पावले!"

"मग जा की वर, आणि विकून ये," ताई म्हणाली.

"आत्ता? अगं, चढतोय तो. दुपारी बाजार बंद होताना विकू. अजून वर जाईल."

"निदान भाव तरी विचारून ये. जिना काय चंद्रावर आहे का?"

"विचारायचं काय त्यात? बाण दिसतोय ना डोळ्यांसमोर!"

त्या काळी लोकांच्या खिशात फोन नव्हते. भाव कळायचा तर वर जावं लागे, नाहीतर माझ्याकडे बघावं लागे. आणि मी खिडकीला खेटून होतो, म्हणून मला जे ऐकू येत होतं ते सावकाशला येत नव्हतं. आत काकांचा कारकून होता. आवाज असा, की त्याला सगळे भोंगा म्हणत. तो पडद्यावरचे भाव मोठ्याने वाचायचा. "मोठी बँक वर! तेलकंपनी वर! दुसरी बँक वर!" लोक टाळ्या पिटत होते. आणि त्याच दमात तो म्हणाला, "बसकंपनी खाली."

नंतर परत म्हणाला, "बसकंपनी अजून खाली. काका, बातमी आलीय. नव्या गाड्यांचे ब्रेक लागत नाहीत म्हणे. सरकारने सगळ्या गाड्या रस्त्यावरून परत बोलावल्या."

बसकंपनी चाळिसातली काडी पैलवान. ती आपटली तरी पैलवान दोर पुढे ओढतच होते, आणि मी नाक वर करून उभा! खाली सावकाश माझ्याकडे बघून शीळ घालत होता.

काकांना आठवण झाली, हे मात्र खरं. ते म्हणाले, "अरे भोंग्या, समोरच्या सावकाशला निरोप दे. त्याचं सगळं तिथेच अडकलंय."

"हो हो, देतो," भोंगा म्हणाला. तेवढ्यात दोन्ही फोन एकदम वाजले, आणि निरोप राहिला तो राहिलाच. मी ओरडलो असतो हो! पण पत्र्याला आवाज कुठला? वाऱ्याने खडखडलो तेवढाच.

दुपार झाली. "बसकंपनी, पाव भाव गेला!" भोंगा ओरडला. समोर सावकाशने पोस्टमनला खुर्चीत बसवलं, मानेला टॉवेल गुंडाळला आणि फेस काढायला घेतला. ताई यंत्र थांबवून दारात आली.

"अरे, बाजार बंद व्हायला आला. जा ना रे बाबा."

"एवढी दाढी उरकतो आणि जातो. सावकाश. वर आहे तो."

ताईचा चेहरा मला नीट दिसत होता. भावाला रागावून काही उपयोग नाही हे तिला कळत होतं, आणि तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. पण मला आणखी एक गोष्ट कळत होती. माझी सुतळी जिथे खिडकीच्या कडेवर घासायची, तिथे तिचा एक एक पदर सुटत होता. महिन्यापूर्वी ताई स्वतः काकांना म्हणाली होती, "काका, ती सुतळी झिजलीय. मी चांगला जाड दोरा वळून देते." काका म्हणाले होते, "चालतंय की अजून." चिक्कूपणा हो, दुसरं काय!

आत बँका आणखी चढल्या. काकांनी आनंदाच्या भरात सुतळीला आणखी एक हिसका दिला. आणि ती तुटली.

मी दाणकन खाली आलो. बोल्टवर गरगर फिरून टोक थेट जमिनीकडे! पत्रा भिंतीवर असा वाजला की सायकलवाल्याच्या हातातला पाना पडला.

"पडला! अरे, बाजार पडला!" तो किंचाळला.

सावकाशने वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक झाला. पोस्टमनचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता. सावकाश धावत सुटला. उभ्या आयुष्यात त्या माणसाला कोणी धावताना पाहिलं नव्हतं. त्याच्यामागे ताई, आणि ताईच्या मागे टॉवेलसकट पोस्टमन.

सावकाश ऑफिसात शिरला तेव्हा त्याच्या हातात वस्तरा तसाच उघडा होता. खुर्च्यांवरचे लोक भिंतीला चिकटले.

"अहो, आधी तो वस्तरा मिटा!" भोंगा ओरडला.

"काका, बाजार पडला!"

"कोण म्हणतं? चांगला वर आहे. सुतळी तुटली वाटतं."

सावकाशच्या अंगात जीव परत आला. तो हसला सुद्धा. "मग ठीक आहे. माझं काळीजच..." आणि तो परत फिरणार, तेवढ्यात मागून ताई म्हणाली, "काका, बसकंपनीचा भाव काय आहे?"

भोंग्याने जीभ चावली. त्याला निरोप आठवला असावा. मग त्याने खाली मान घालून, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात भाव वाचला. सकाळच्या भावाचा तिसरा हिस्सा उडाला होता.

"पण बाजार वर आहे ना?" सावकाश पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. "दाजींची कंपनी चाळिसातच आहे ना?"

"दोर पुढे गेलाय रे," काका म्हणाले. "तुझा गडी पडलाय. बाण दोराचा आहे, गड्याचा नाही. सांग, विकू? बाजार बंद व्हायला थोडाच वेळ उरलाय."

सावकाश काचेतून माझ्याकडे बघत राहिला. "जरा थांबू या का? उद्या वर येईल. दाजींनी तिथे..."

"दाजी गेले," ताई म्हणाली. "माझा नवरा होता तो. ती कंपनी म्हणजे तो नव्हे. जन्मभर सावकाश केलंस, आता एकदा पटकन हो. वीक!"

"विका," सावकाश म्हणाला, आणि त्याने वस्तरा मिटला.

मग जे झालं ते आठवलं तरी माझा गंज शहारतो. भोंगा बाजारातल्या माणसाला फोन लावतोय आणि फोन लागत नाहीये. सगळा देशच बसकंपनी विकायला निघालेला. लागला तर गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक मिळालं, तोवर भाव आणखी खाली. घड्याळाचा काटा कोणाची वाट बघत नव्हता. पोस्टमनच्या गालावरचा फेस वाळून गेला तरी तो हलला नाही. शेवटी भोंग्याने फोनचं तोंड हाताने झाकलं आणि जुन्या आवाजात गर्जना केली, "गेले! सगळे गेले!" आणि लगेच बाजार बंद झाला.

दुसऱ्या दिवशी बसकंपनी उघडली ती आणखी खोल. त्यानंतर ती कधी सावरलीच नाही.

संध्याकाळी घरमालक आला. सावकाशने चिठ्ठी पुढे केली. मालकाने ती वाचली आणि म्हणाला, "यात पूर्ण दुकान येत नाही."

"अर्धं येतं का?" ताईने विचारलं. "मागचं?"

मालकाने बरंच डोकं खाजवलं. चपलांचा दुकानदार कुरकुरला, पण रस्त्याकडची बाजू मिळतेय म्हणून तयार झाला. मध्ये भिंत उभी राहिली, दार बाजूच्या बोळात गेलं. शिवणयंत्र खिडकीशी सरकलं, त्याच्याजवळ आरसा आणि खुर्ची आली. भाऊ-बहीण रस्त्यावर आले नाहीत. वाटलं होतं त्याच्या निम्मंच हातात आलं, हे खरं. पण ते त्यांचं स्वतःचं होतं.

काका मात्र त्या दिवसापासून बदलले. ताईने वळलेल्या जाड दोऱ्याने त्यांनी मला पुन्हा बांधलं. सावकाशचा हात धरून म्हणाले, "माझा निरोप पोचायला हवा होता." मग त्यांनी ताईला सारं समजावलं. एका गड्याच्या पाठी उभं राहायचं नसेल, तर चाळिसांच्या पाठी थोडं थोडं उभं राहता येतं. निर्देशांकाचा फंड म्हणजे तेच. ज्याचं अंग मोठं त्याच्यामागे थोडं जास्त, लहानाच्या मागे थोडं कमी. एखादा कायमचा लुळा पडला तर त्याला चाळिसांतून काढतात आणि दुसरा ताज्या दमाचा घेतात. "पण ताई," काका म्हणाले, "दोर मागेही येतो. कधी कधी वर्षभर येतो. चुलीसाठी लागणारा पैसा यात घालू नका."

ताई शिलाईतून उरेल तेवढं दर महिन्याला घालू लागली. एकदा मी सलग आठवडेच्या आठवडे खाली होतो. सायकलवाला रोज डोक्याला हात लावून बसायचा. ताई जिना चढताना माझ्याकडे बघायची आणि नेहमीचे पैसे भरून निघून जायची. सावकाशने विचारलं, "भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते. पण यात आपलं छप्पर नाही अडकलेलं." तो नुसता वस्तरा पुसत राहिला.

बसकंपनीला पुढे चाळिसातून काढलं. तिच्या जागी कुठलीशी औषधकंपनी आली. निर्देशांक चालतच राहिला. तो म्हातारा होत नाही, मित्रांनो, तो गडी बदलतो. मला मात्र तसं जमलं नाही. काकांच्या मुलाने दारावर लाल-हिरवे आकडे पळणारा फलक बसवला आणि मला काढून जिन्याखाली टाकलं. किती वर्षं पडून होतो, कोण जाणे. झाडू, फुटक्या बादल्या आणि मी. नाकातलं भोकसुद्धा गंजाने भरलं. ज्याच्याकडे बघून गल्ली जेवायची, त्याच्यावर कोळी जाळं विणत होता. रडू यायचं, पण पत्र्याला पाणी लागलं की गंज वाढतो, म्हणून गप्प राहिलो.

एक दिवस काकांनी ऑफिस विकलं आणि भंगारवाला आला. त्याने मला वाकवून पोत्यात कोंबलं, इतक्यात जिन्याशी ताईचा आवाज आला. तिचे केस पांढरे झाले होते.

"अहो, तो बाण नका नेऊ. मला द्या."

"कशाला, आजी? मोडीत निघालाय."

"निघू दे. रस्त्यावर आमचं दार नाही. दुकान कुठे आहे ते लोकांना कळत नाही."

तिने मला घासलं, सरळ केलं, गंजाला मशीनचं तेल लावलं आणि सावकाशने बोळाच्या तोंडाशी मला आडवा ठोकला. अर्थात सावकाशच ठोकला. तीन खिळ्यांना अख्खी सकाळ लागली.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. अधूनमधून आम्हा जुन्यांना तेलपाणी करा, आमची सुतळी झिजली तर बदला. आणि जगात पुष्कळ बाण असतात. ते खोटं बोलत नाहीत, पण सगळं सांगतही नाहीत. ज्यात तुमचं छप्पर अडकलंय, त्याचा भाव जिना चढून स्वतः विचारा.

परवा तो सायकलवाला आला होता. आता त्याला फार दिसत नाही. बोळाशी उभा राहून त्याने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "काय रे सावकाश, आज बाजार वर का खाली?"

"त्याला नको विचारूस," सावकाश आतून म्हणाला. "तो आता आपलं दुकान कुठे आहे तेवढंच सांगतो."

"बरोबर सांगतो ना?" सायकलवाल्याने आत येऊन खुर्चीत बसत विचारलं.

"तू आलास की नाही आत?" ताई म्हणाली, आणि तिने यंत्र पुन्हा सुरू केलं.